जँगोची पहिली साइट लाइव्ह करताना होस्टिंग कसं निवडायचं

लॅपटॉपवर जँगोची (पायथनमध्ये साइट बनवायच्या फ्रेमवर्कची) रनसर्व्हर कमांड दिली, ब्राउझरमध्ये आपण लिहिलेलं पान उघडलं, की पुढचा प्रश्न लगेच येतो: हे आता इतरांना कसं दाखवायचं? मग होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, शोधायला बसलं की प्लॅनवर प्लॅन समोर येतात. फुकटचे, महिना शंभर-दोनशे रुपयांचे, डॉलरमधले. बहुतेक जण इथे किंमत बघून निवडतात. मीही पहिल्यांदा तसंच केलं आणि त्याचा भुर्दंड एका गावच्या वाचनालयाला सोसावा लागला. ती हकिकत पुढे सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातूनच आलं आहे: होस्टिंग घेताना आपली माहिती कुठल्या डिस्कवर राहणार आहे हे आधी विचारा, पैशाचं त्यानंतर.

लेख जँगो धरून लिहिला आहे. फ्लास्क हे दुसरं पायथन फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना जवळजवळ सगळं जसंच्या तसं लागू पडेल. फास्टएपीआय वापरणाऱ्यांनी जिथे डब्ल्यूएसजीआय येईल (ते काय हे पायरी १ मध्ये येतं) तिथे एएसजीआय हा त्याचा नवा प्रकार चालतो का, एवढं वेगळं तपासावं.

पायरी १: ॲप काय काय मागतं ते कागदावर लिहा

वर्डप्रेसची सवय असलेल्यांचा इथे पहिला गोंधळ होतो. पीएचपीची फाइल फोल्डरमध्ये टाकली की झालं. कुणी पान मागितलं की सर्व्हर ती फाइल चालवतो आणि मोकळा होतो. जँगोचं ॲप मात्र सतत चालू असलेली प्रोसेस असते. ती मेमरीत बसून राहते आणि येणाऱ्या प्रत्येक मागणीला उत्तर देते. वेब सर्व्हर आणि ही प्रोसेस एकमेकांशी कसं बोलणार याचा ठरलेला करार म्हणजे डब्ल्यूएसजीआय. तो २००३ साली पेप ३३३ मध्ये (पेप म्हणजे पायथनमधल्या सुधारणांचा प्रस्ताव) मांडला गेला आणि पायथन ३ साठी २०१० साली पेप ३३३३ मध्ये सुधारला गेला. त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘पायथन उपलब्ध’ लिहिलेलं पुरत नाही. ‘डब्ल्यूएसजीआय ॲप कायम चालू ठेवता येतं का’ असं स्पष्ट विचारा.

कागदावर पाच गोष्टी लिहा. डेटाबेस कोणता? लोक फोटो किंवा फाइल चढवणार का? ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम आहे का? साइटला बाहेरच्या सेवेशी, म्हणजे एसएमएस, पेमेंट, ईमेल यांच्याशी बोलावं लागतं का? आणि एका वेळी खरोखर किती माणसं येणार?

वाचनालयाचा कागद असा झाला असता: पुस्तकं सहा हजारांच्या आसपास, सभासद चारशेच्या आत, एका वेळी साइटवर जेमतेम पाच-सहा जण. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो मोबाइलवरून चढवायचे. परत न आलेल्या पुस्तकांसाठी रोज सकाळी एसएमएस. यातलं वजनदार काय आहे बघा. माणसं अगदी थोडी आहेत, पण फोटो आहेत, रोजचं काम आहे आणि बाहेरची सेवा आहे. मी तेव्हा कागद केला नव्हता. ‘माणसं थोडी, मग फुकटचं पुरेल’ एवढाच हिशोब केला.

पायरी २: डिस्क टिकते का ते तपासा

मी निवडलेली सेवा गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीवर) कोड ढकलला की साइट आपोआप नवी करायची. डेटाबेस वेगळा मिळाला होता. वाचनालयातल्या बाईंनी दोन आठवडे रोज दुपारी कपाटं एकेक करून उतरवली, पुस्तकं खिडकीपाशी धरून फोटो काढले आणि चढवले. सातशेच्या वर झाले होते. एका सकाळी मी एका शीर्षकातली वेलांटी दुरुस्त केली, कोड ढकलला आणि कामाला लागलो. तासाभरात त्यांचा फोन आला: ‘अहो, पुस्तकांची नावं आहेत, चित्रं सगळी गेली. माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का?’

त्यांच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. अशा सेवांमध्ये तुमचं ॲप एका कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्यापुरत्या वेगळ्या डब्यात, चालतं. नवा कोड आला की जुना कंटेनर टाकून देतात आणि नवा उभा करतात. जुन्याच्या डिस्कवर ॲपनं लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. सेवेच्या माहितीत हे लिहिलेलं असतं. हेरोकू या अशाच एका सेवेवर तर तुम्ही काहीच केलं नाही तरी ॲप साधारण दिवसातून एकदा नव्यानं सुरू होतं आणि डिस्क कोरी होते. रेंडर या दुसऱ्या सेवेवरही मूळ डिस्क अशीच तात्पुरती असते. टिकाऊ डिस्क हवी तर पैसे भरून जोडावी लागते. यात फसवणूक नाही, ही त्या पद्धतीची रचनाच आहे. पण नवशिक्याला ती कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते होस्टिंगबद्दल पहिल्या दिवशी सांगायची हीच गोष्ट आहे.

तपासणी दोन मिनिटांची आहे. साइटवर एक फोटो चढवा, कोडमध्ये एखादी टिप्पणी बदलून पुन्हा डिप्लॉय करा, म्हणजे नवा कोड चढवा, आणि फोटो उघडून बघा. फोटो असेल तर उद्या ॲप रीस्टार्ट करून परत बघा. दोन्ही वेळा दिसला तरच खऱ्या माहितीला हात घाला.

फोटो टिकवायचे दोन रस्ते आहेत. एक तर डिस्क कायम राहते अशी जागा घ्यायची. नाहीतर फोटो ॲपबाहेर, ॲमेझॉन एस३ सारख्या साठवणुकीत ठेवायचे. जँगोला ते जोडून देणारं जँगो-स्टोअरेजेस नावाचं पॅकेज आहे. एसक्यूलाइट वापरत असाल तर हाच नियम तुमच्या अख्ख्या डेटाबेसला लागू आहे, कारण एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाइलच.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर एक खास मराठी अडचण. जँगो चढवलेल्या फाइलच्या नावातली नको ती अक्षरं काढून टाकतं. अक्षर कोणतं हे ठरवण्यासाठी ते पायथनच्या रेग्युलर एक्सप्रेशनवर (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीवर) विसंबतं, आणि ते काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षरात धरत नाही. म्हणून ‘मराठी’ नावाची फाइल डिस्कवर ‘मरठ’ होऊन बसते. पानांच्या पत्त्यासाठी जँगोचं स्लगिफाय हे फंक्शन युनिकोडचा पर्याय देऊन वापरलं तरी तेच होतं, आणि तो पर्याय दिला नाही तर मराठी अक्षरं सगळीच जातात. फाइलला नाव देणारं छोटं फंक्शन लिहून पुस्तकाचा क्रमांकच नाव म्हणून द्यावा, म्हणजे प्रश्न मिटतो.

पायरी ३: चार प्रकारांपैकी आपला ओळखा

पहिला प्रकार शेअर्ड होस्टिंग, म्हणजे सीपॅनेल नावाच्या नियंत्रण पानावरून चालवायचं. काही ठिकाणी त्यात ‘सेटअप पायथन ॲप’ असं बटण असतं आणि आत पॅसेंजर नावाचा सर्व्हर तुमचं ॲप चालवतो. छोट्या साइटला चालतं. घेण्याआधी पायथनची आवृत्ती विचारा, कारण जँगो ५.२ ला किमान पायथन ३.१० लागतं. इथे डेटाबेस बहुधा मायएसक्यूएल मिळतो. तो तयार करतानाच कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. लॅटिन१ राहून गेला तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटू शकते, आणि एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ मजकूर परत मिळत नाही.

दुसरा प्रकार पायथनएनीव्हेअर. ही जागा पायथनसाठीच बनवलेली आहे. मुलींना आणि स्त्रियांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावणारी जँगो गर्ल्स ही चळवळ २०१४ साली बर्लिनच्या कार्यशाळेतून सुरू झाली. तिच्या ट्युटोरियलमध्ये पहिली साइट इथेच लाइव्ह करायला शिकवतात. डिस्क टिकते, ब्राउझरमध्येच टर्मिनल मिळतं, एरर लॉग एका क्लिकवर असतो. फुकटच्या खात्यात मात्र ठरलेल्या यादीबाहेरच्या साइटशी तुमचं ॲप बोलू शकत नाही. म्हणजे वाचनालयाचा एसएमएस जाईल की नाही, हे त्या एसएमएस कंपनीचा पत्ता यादीत आहे का यावर ठरतं. शिवाय ठरावीक मुदतीनं लॉग इन करून साइट चालू ठेवायचं बटण दाबावं लागतं. विसरलात तर साइट बंद होते.

तिसरा प्रकार रेंडर, हेरोकू यांच्यासारखा प्लॅटफॉर्म: कोड ढकला, बाकी ते बघतात. डिस्कचं वर सांगितलंच. रेंडरची फुकटची साइट १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपते आणि पुढच्या माणसाला ती उठेपर्यंत ताटकळावं लागतं. नोकरीसाठी काम दाखवायला हे ठीक. वाचनालयाच्या काउंटरवर माणूस पुस्तक हातात घेऊन उभा असताना अजिबात ठीक नाही. फुकटच्या पोस्टग्रेस डेटाबेसची मुदतही वाचून घ्या, कारण ती संपते. आणि फुकटची योजना कायम राहील असं धरू नका. हेरोकूवर कित्येकांनी शिकण्याची सुरुवात केली होती, तिथल्या फुकट योजना २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाल्या.

चौथा व्हीपीएस. कोरा लिनक्स सर्व्हर, सगळी मोकळीक आणि सगळी जबाबदारी तुमची. सुरक्षेचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप, रात्री बंद पडलेली प्रोसेस, सगळं.

माझं मत विचाराल तर शिकणाऱ्यानं पहिली साइट पायथनएनीव्हेअरच्या फुकट खात्यावर चालवावी. दुसरं कुणी त्या साइटवर रोजचं काम करणार असेल तर त्याच दिवशी पैशाच्या प्लॅनवर जावं, तिथेच किंवा दुसरीकडे. व्हीपीएस तेव्हा घ्यावा, जेव्हा महिन्यातून दोन-तीन तास फक्त सर्व्हरच्या देखभालीला द्यायची तयारी असेल. तो शिकायला उत्तम आहे, पण दुसऱ्याची माहिती हातात असताना शिकू नये.

पायरी ४: मेमरीचा साधा हिशोब

जँगो चालवायला बहुतेक जण गनिकॉर्न नावाचा डब्ल्यूएसजीआय सर्व्हर वापरतात. वर्कर किती ठेवायचे याचं त्याच्याच माहितीपत्रकातलं सूत्र आहे: प्रोसेसर कोअरची दुप्पट अधिक एक. एका कोअरच्या सर्व्हरवर तीन. प्रत्येक वर्कर म्हणजे तुमच्या ॲपची स्वतंत्र प्रत. समजा एक वर्कर ८० एमबी घेतो, तर तिघांचे २४० झाले. त्याच मशिनवर पोस्टग्रेस, एनजिनक्स हा वेब सर्व्हर आणि खुद्द लिनक्स बसवलं की ५१२ एमबी अपुरे पडायला लागतात.

त्यात फोटो. मोबाइलचा १२ मेगापिक्सलचा फोटो डिस्कवर तीन-चार एमबीचा दिसतो. पण पिलो या फोटो हाताळणाऱ्या पायथन पॅकेजनं तो छोटा करायला उघडला की ४००० गुणिले ३००० पिक्सल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे ४८ एमबी मेमरी एकाच फोटोला लागते. तिघांनी एकदम फोटो चढवले की शंभराच्या वर गेलं. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच एखादी प्रोसेस मारून टाकतो आणि लॉगमध्ये नुसतं ‘किल्ड’ दिसतं. व्हीपीएस घ्यायचा तर १ जीबीच्या खाली जाऊ नका आणि वर १ जीबी स्वॅप, म्हणजे मेमरी भरली की वापरायची डिस्कवरची जागा, ठेवा.

पायरी ५: अंतर आणि बिल

वापरणारे महाराष्ट्रात असतील तर सर्व्हर जवळचा बघा. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, डिजिटलओशनचं बेंगळुरूला आहे. रेंडरचं जवळचं केंद्र सिंगापूर. अमेरिकेतला सर्व्हर निवडला तर एका फेरीलाच साधारण पाव सेकंद जातो, आणि पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या लागतात. ॲप आणि डेटाबेस एकाच केंद्रात हवेत, हे त्याहून महत्त्वाचं. एका पानासाठी जँगो डेटाबेसला वीस प्रश्न विचारत असेल आणि डेटाबेस समुद्रापार असेल, तर ते वीसही प्रश्न तिकडे जाऊन येतात.

बिल डॉलरमध्ये असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क मिळवून रुपयातला आकडा काढा. रिझर्व्ह बँकेचे दर महिन्याच्या आपोआप कपातीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. तुमच्या कार्डावर त्या कंपनीसाठी ई-मँडेट (आपोआप कपातीची परवानगी) झालेलं नसेल तर पहिला महिना नीट जातो आणि दुसऱ्या महिन्याची कपात नाकारली जाते. साइट बंद पडल्यावर हे कळण्यापेक्षा बिलाच्या तारखेची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा. आगाऊ पैसे भरून ठेवायची सोय असेल तर आणखी चांगलं.

पायरी ६: सेटिंग आधी घरीच बदला

कोणतंही होस्टिंग घेतलं तरी हे लॅपटॉपवरच करून घ्या. डीबग बंद करा. अलाउड होस्ट्समध्ये तुमचं डोमेन लिहा. सीक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड कोडमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. गिटवर एकदा गेलेली की फुटली असं समजून नवी बनवा. टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ करा. सर्व्हरचं घड्याळ मात्र बहुधा यूटीसीवर असतं. तिथे मध्यरात्रीचं काम लावलंत तर ते आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालेल, तेव्हा सकाळच्या एसएमएसची वेळ मोजून लावा.

डीबग बंद केल्यावर शंभरातले नव्वद जण घाबरतात ती गोष्ट म्हणजे ॲडमिनचं पान: रंग नाही, रचना नाही, पांढऱ्यावर नुसत्या निळ्या लिंका. काही बिघडलेलं नसतं. डीबग चालू असताना रनसर्व्हर सीएसएसच्या फाइल स्वतः पुरवत होता, आता तो पुरवत नाही. स्टॅटिक रूट ठरवा, कलेक्टस्टॅटिक चालवा आणि व्हाइटनॉइज हे अशा फाइल पुरवणारं पॅकेज बसवा. त्याची मिडलवेअरमधली जागा सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली. शेवटी चेक कमांड डिप्लॉय पर्यायासह चालवा. काय राहिलंय ते जँगो स्वतः सांगतं.

पायरी ७: प्रत्यक्ष चढवणं

पायथनएनीव्हेअरवर क्रम असा. बॅश कन्सोल उघडून गिटमधून कोड आणा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या ॲपच्या पॅकेजेसची वेगळी जागा, बनवा आणि रिक्वायरमेंट्स फाइलमधून पॅकेजेस बसवा. मग ‘वेब’ टॅबवर नवं ॲप घ्या. तिथे ‘जँगो’ असा पर्याय दिसतो, पण तो कोरं प्रोजेक्ट बनवून देतो. आपल्याकडे प्रोजेक्ट आहे, म्हणून ‘मॅन्युअल कॉन्फिगरेशन’ घ्यायचं. पायथनची आवृत्ती एन्व्हायर्नमेंटमधलीच निवडा, ३.१० आणि ३.१२ अशी तफावत राहिली तर पॅकेज बसवलेलं असूनही ‘मॉड्यूल सापडत नाही’ येत राहतं. एन्व्हायर्नमेंटचा मार्ग भरा. डब्ल्यूएसजीआय फाइल उघडून जँगोचा भाग सोडून बाकीचा काढा आणि त्यात प्रोजेक्टचा मार्ग व सेटिंग्जचं नाव घाला. स्टॅटिक आणि मीडिया या दोन्ही पत्त्यांना त्यांची फोल्डरं जोडा. मायग्रेट चालवा, सुपरयूजर बनवा, हिरवं रीलोड बटण दाबा. पान उघडलं नाही तर एरर लॉगची शेवटची ओळ आधी वाचा. कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

व्हीपीएसवर उबुंटू २४.०४ घेतलंत तर पायथन ३.१२ आयतं येतं, पण त्यावर थेट पिप चालत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावंच लागतं. रूटऐवजी वेगळा यूजर, पासवर्डऐवजी एसएसएच की, फायरवॉलमध्ये फक्त २२, ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे. गनिकॉर्न सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या प्रोसेस सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) सर्व्हिसमधून चालवा म्हणजे पडला तर आपोआप उठेल. पुढे एनजिनक्स आणि एचटीटीपीएससाठी सर्टबॉट. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र फुकट असतं, ९० दिवस चालतं आणि सर्टबॉट ते आपोआप नवं करतो. दोन ठिकाणी हमखास अडायला होतं. एनजिनक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, त्यामुळे मोबाइलचा फोटो चढवला की ४१३ क्रमांकाची चूक येते. ती मर्यादा वाढवा. आणि लॉग इन करताना ४०३ येऊन सीएसआरएफची (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बनावट फॉर्मपासूनच्या संरक्षणाची) तक्रार दिसली तर सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये डोमेन एचटीटीपीएससकट लिहा, जँगो ४.० पासून नुसतं डोमेन चालत नाही. ईमेल सर्व्हरवरून थेट पाठवायच्या फंदात पडू नका. बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ क्रमांकाचा पोर्ट बंदच ठेवतात. ईमेल सेवेचं एपीआय वापरा.

पायरी ८: माहिती बाहेर काढून बघा

साइट चालू झाली त्याच आठवड्यात हे करा. पोस्टग्रेस असेल तर पीजी डंप ही त्याची प्रत काढायची कमांड, एसक्यूलाइट असेल तर त्याची बॅकअप कमांड, आणि मीडिया फोल्डरची प्रत. सगळं त्या होस्टिंगच्या बाहेर, आपल्या लॅपटॉपवर किंवा ड्राइव्हवर आणा. मग लॅपटॉपवर नवा रिकामा डेटाबेस करून त्यात ही प्रत भरा आणि साइट उघडा. पुस्तकं दिसतात का, फोटो दिसतात का, सभासदाचं नाव मराठीत नीट वाचता येतं का, लॉग इन होतं का, हे एकेक बघा.

वाचनालयाची साइट आता टिकाऊ डिस्कवर, पैशाच्या प्लॅनवर चालते. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघते, आठवड्याला फोटोंची. बाईंनी ते सातशे फोटो पुन्हा काढले. या वेळी मी दोन रविवार तिथे जाऊन पुस्तकं उतरवून दिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सगळ्यात ताजी प्रत लॅपटॉपवर उघडतो आणि त्यांना फोनवर पुस्तकांची संख्या सांगतो. त्या रजिस्टर काढून आपली संख्या सांगतात. दोन्ही आकडे जुळले की फोन ठेवतो.